एकाच आगीची दोन गावं

यंदा पावसाळा उलटला की लक्षद्वीपला जायचं, असं आम्ही मित्रांनी ठरवलं आहे. बंगारम किंवा थिन्नकराच्या वाळूवर तंबूत राहायचं, आगत्तीच्या मासेमारांबरोबर बोटीवर जायचं, धरलेला मासा किनाऱ्यावरच भाजून खायचा. नागपूरहून केरळ एक्सप्रेसने एर्नाकुलम आणि पुढे कोचीहून जहाज. बेट कोणतं त्यावर 14 ते 18 तासांचा समुद्र. इथे यवतमाळला संध्याकाळी दारव्हा रोडवरून कारखान्यांची पाळी सुटते, सायकली आणि दुचाकींची गर्दी लोहाऱ्यातून गावाकडे ओसरते, आणि मी माझ्या खोलीत भरती-ओहोटीची कोष्टकं वाचत बसतो. या गावापासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी या बेताच्या नादाने जे वाचत गेलो, त्यातून हे अंतर माझ्यापुरतं निराळंच झालं.

आमच्याकडे विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली पाषाण. सुरुंग लावल्याशिवाय तो हलत नाही. घराचा पाया याच दगडाचा, रस्त्यावरची गिट्टी याचीच, शेताचे धुरेही यानेच बांधलेले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ तर हा दगड थंड होताना षटकोनी खांबांत फुटलेला दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, तो हा दख्खनचा पाषाण. एवढं शाळेत शिकलो होतो. ती आग कुठून आली आणि नंतर तिचं काय झालं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

भूशास्त्रज्ञांची मांडणी अशी आहे: पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्त जागा आहे आणि ती जवळपास जागची हलत नाही. हलते ती वरची जमीन. भारताचं भूखंड उत्तरेकडे सरकत असताना या जागेवरून गेलं, तेव्हा दख्खन लाव्ह्याने झाकला गेला. भूखंड पुढे सरकलं. आग तिथेच राहिली. तिच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मग फार नंतर मॉरिशस. आज ती आग रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. म्हणजे माझ्या अंगणातला दगड आणि बंगारमच्या वाळूखाली, प्रवाळांच्याही खाली बुडालेला डोंगर, ही एका आईची लेकरं. थोरलं इथे कोरड्यावर राहिलं, धाकटं पाण्यात गेलं.

ते बुडालं कसं, हे चार्ल्स डार्विनने 1842 साली प्रवाळखडकांवरच्या आपल्या पुस्तकात उलगडलं. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं. त्याच्या काठावर वाढणारे प्रवाळ उजेडासाठी वर वर येत राहतात. डोंगर दिसेनासा होतो तरी त्याच्याभोवतीचं कडं उरतं आणि आत उथळ, हिरवंनिळं पाणी साठतं. आगत्ती, बंगारम, थिन्नकरा ही अशाच कड्यांवरची बेटं, समुद्रापेक्षा जेमतेम एकदोन मीटर उंच. यवतमाळ साडेचारशे मीटरच्या आसपास. नकाशात त्या बेटांवर बोट ठेवलं की मला धास्ती वाटते. 1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापून तिथले प्रवाळ पांढरे पडले. कडं बांधणारे हे जीवच मेले तर बेट कशावर उभं राहील?

बेताची पहिली खरी परीक्षा घेतली ती बेंबळा धरणावर मासे धरणाऱ्या एका भोईकाकांनी. त्यांचं सगळं आयुष्य डोंगा, जाळं, रोहू आणि मरळ यांत गेलेलं. तंबू, कंदील, दोर, ज्वारीचं पीठ, घरचं तिखट अशी आमची यादी त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “पियाचं पानी कुठून आनसान भाऊ?”

हा प्रश्न आमच्याच मातीतला. 2018 साली निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा अवघं शहर टँकरकडे डोळे लावून होतं. प्लास्टिकच्या टाक्यांच्या त्या रांगा मी विसरू शकत नाही. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन राहतं. उपसा जास्त झाला की खारं वर चढतं. कवरत्ती बेटावर 2005 पासून समुद्राच्याच पाण्याची वाफ करून रोज एक लाख लिटर गोडं पाणी करतात. आमच्या पाषाणात पाणी भेगांत दडतं, तिथे ते वाळूत तरंगतं. दोन्हीकडे ते पुरवून वापरावं लागतं. काकांच्या प्रश्नानंतर निर्जन बेटावर मुक्काम करण्याची आमची हौस मावळली आणि ते बरंच झालं. जिथे पाण्याची सोय आहे तिथेच तंबू, कोणाच्या विहिरीवर आमचा भार नको. तसंही तिथे जायला आपल्याला 1967 च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो आणि मला तो योग्य वाटतो. ती बेटं तिथल्या आदिवासी रहिवाशांची आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही, हे यादीत सगळ्यात वर लिहिलं आहे.

काकांना सगळ्यात जास्त रस वाटला तो टुना धरण्याच्या पद्धतीत. मिनिकॉय बेटाची ही जुनी विद्या, 1960 च्या दशकापासून आगत्तीसारख्या इतर बेटांवरही पसरली. आधी उथळ पाण्यात बारीक मासळी जाळ्याने जिवंत धरतात आणि बोटीच्या पाण्याच्या कप्प्यात ठेवतात. खोल समुद्रात टुनाचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकतात, बोटीच्या मागून पाण्याचे फवारे उडवतात. लहान मासळी उसळतेय असं वाटून टुना वेड्यासारखे धावतात. काठी, दोरी आणि उलटा काटा नसलेली गरी. मासा झटक्याने वर येतो, हवेतच सुटतो आणि फळीवर पडतो, लगेच गरी पुन्हा पाण्यात. एका काठीला एका वेळी एकच मासा. समुद्राचा तळ खरवडणारं जाळं नाही, त्यात अडकून मरणारं कासव नाही. काका बराच वेळ हाताने तो झटका करून पाहत होते. मनगटातून नाही, खांद्यातून द्यावा लागत असेल, असं म्हणाले.

ते आमच्याबरोबर यायला तयार झाले आहेत. त्यांची अट एकच: बेट नंतर पाहू, आधी त्या बोटीवर, मागच्या बाजूला, काठीवाल्यांच्या शेजारी उभं राहायला मिळालं पाहिजे. आगत्तीच्या बोटवाल्याला तेवढं विचारायचं राहिलं आहे.