पोवळ्यांच्या बेटावर

कोचीहून बोटीत बसलं की एक रात्र जाते आणि सकाळी माडांची हिरवी रेघ दिसू लागते. लक्षद्वीपची ही बेटं म्हणजे पोवळ्यांचीच रास. (मंगळसूत्रात ओवतो ती तांबडी पोवळी मात्र इथली नव्हेत, ती मूळची भूमध्य समुद्राकडची.)

कवरत्तीला काचेच्या तळाच्या होडीतून खाली पाहिलं. हिरवे-निळे पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होते. ते शेवाळ खातात आणि पोटात भरडलेला खडक पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावर आपण पाय पसरून बसतो ती वाळू बरीचशी अशीच आलेली, बरं का!

शेवाळ खाणारे आणखीही पुष्कळ. कुणी खरवडतं, कुणी कुरतडतं. एकाला जमलं नाही तर दुसरा असतो. जमैकात असे मासे पकडून पकडून संपत आले होते. सारी भिस्त काटेरी सी-अर्चिनवर. 1983 साली त्यांच्यात साथ आली, बहुतेक सगळे मेले आणि शेवाळानं पोवळी गिळली. घरातली एकटी कर्ती बाई अंथरुणाला खिळली की काय होतं, ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको!

इकडे 1998 साली समुद्र तापला. अशा वेळी पोवळ्यातला जीव, त्याला अन्न आणि रंग देणारं अंगातलं सूक्ष्म शेवाळ टाकून देतो व पांढरा पडतो. पुष्कळ पोवळी मेली. तरी मोकळ्या खडकावर शेवाळाचं रान माजलं नाही. नवी पोवळी रुजली. कारण खरवडणारे मासे शाबूत होते. इथले कोळी बाहेरच्या समुद्रात कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मागे जातात. काठीला गळ लावून एकेक मासा ओढतात. तो उकडून, धुरी देऊन, वाळवला की ‘मास’ तयार, वर्षाची बेगमी. त्यामुळे खडकावरच्या माशांकडे फारसं कुणी वळत नसे.

पण 2010 आणि 2016 साली समुद्र पुन्हा तापला. सावरायला उसंतच नाही! 1998 ते 2022 या काळात जिवंत पोवळी जवळजवळ निम्म्यावर आली. लाटा अडवते ती हीच भिंत, आणि बेटाची उंची समुद्रापासून जेमतेम काही मीटर. त्यात आता खडकावरच्या माशांनाही बाहेरचं गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. आम्हांला दुपारी पानात वाढला तो कुपाच, नारळाच्या रसातला.