होमाच्या उजेडातली काकू

गुरुवार, १३ मार्च २०२५

गावी होळीचा होम पेटायला मध्यरात्र झाली. शटर १/२५०, आयएसओ १६००, व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर पक्का. तो ऑटोवर असला की ज्वाळेचा तांबूसपणा दोष समजून कॅमेरा तो कमी करू पाहतो. ज्वाळा जळून पांढरी होऊ नये म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवलं. मोठ्या काकूने होमात नारळ टाकून हात जोडले आणि तेवढ्यात पेंढा भडकला. तो क्षण सापडलाय.

शनिवार, १५ मार्च

मुंबईत परत. ज्वाळा बरीचशी वाचलीय, काकू मात्र काळोखात. शॅडो वर ओढल्या तर चेहरा दिसला, पण आकाशही राखाडी झालं आणि रात्रच गेली.

कमी-जास्त उजेडाच्या दोन फ्रेम जोडणं डोंगराला चालतं. आग दोन फ्रेममध्ये सारखी राहत नाही. म्हणून एकच रॉ फाइल दोनदा काढली, एक ज्वाळेसाठी गडद, एक माणसांसाठी उजळ. उजळ लेयर वर, त्यावर काळा मास्क. मास्कमध्ये काळं झाकतं, पांढरं उघडतं. मग पांढरा ब्रश दहा टक्क्यांवर ठेवून काकूच्या गालावर, कपाळावर, पदराच्या काठावर पुन्हा पुन्हा फिरवला. फक्त होमाकडची बाजू. पाठ उजळली असती तर तो उजेड होमाचा राहिला नसता. दोन तास एका चेहऱ्यावर गेले, आणि ते जायलाच हवे होते.

रविवार, १६ मार्च

आज ज्वाळा. सॅच्युरेशन वाढवलं की लाल चॅनेल आधी संपतो आणि आगीचा सपाट केशरी गोळा होतो. ज्वाळा पिवळी दिसते ती तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. मायकेल फॅरेडेने लंडनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यात हे फार सुंदर उलगडलंय. ते कळल्यापासून ज्वाळेचे पदर वेगळे दिसतात. ल्युमिनॉसिटी मास्कने फक्त मधले टोन निवडून कर्व्ह जरासा खाली घेतला. पांढरा गाभा तसाच सोडला. तिथे तपशील उरलेलाच नाही, ओढलं तर राखाडी डाग पडतो.

बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी

दुसऱ्या फ्रेममधल्या ठिणग्या स्क्रीन मोडमध्ये वर ठेवल्या. काळं नाहीसं झालं, ठिणग्या तेवढ्या उरल्या. देखणं दिसत होतं. काकूला फोनवर पाठवलं.

तिचा लगेच फोन. "एवढी किटाळं उडाली असती तर मी तिथे उभी राहिले असते होय रे?"

तो लेयर काढून टाकला.

"आणि माझ्या बांगड्या कुठे गेल्या?"

मनगट पूर्ण मोठं करून पाहिलं. चार होत्या, अंधारात. होमाकडच्या दोन उघडल्या.