हैदराबादहून कोऱ्हाळ्याला

वाडी जंक्शनच्या पुढे, गाडीतून
९ मे

ती. आबा,


रात्री दौंडला गाडीत जागा मिळाली, उजाडलं तेव्हा सोलापूर मागे पडलं होतं. काळजी नसावी. कलबुर्गीनंतर शहाबाद लागलं, कडेला फरशांच्या थप्प्या रचलेल्या. आपल्या ओट्यावरची शहाबादी फरशी निघते ती इथे. शेजारच्या बाईंना मी हे मराठीत सांगितलं, त्या कानडीत बोलल्या, तरी आमचं जमलं. आत्यांना नमस्कार.

तार्नाका, हैदराबाद
१४ मे

ती. आबा,

ऊन तिकडच्यासारखंच आहे, पण आवारात झाडं पुष्कळ. ज्या संस्थेत मी उन्हाळी वर्गाला आले आहे, ती १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षकांसाठी निघाली. आता केंद्रीय विद्यापीठ आहे. सुरुवातीच्या काळात सांगलीच्या विलिंग्डनचे प्राचार्य राहिलेले वि. कृ. गोकाक इथे संचालक होते. कन्नडचे एवढे मोठे कवी इंग्रजी शिकवण्याचा विचार करत होते, याचा मला फार आधार वाटला.

उन्हाळी वर्गाचा पहिलाच तास सांगते. बाई आल्या आणि थेट रशियन बोलू लागल्या. पुस्तक उचललं, ‘क्निगा’. पेन्सिल उचलली, ‘करंदाश’. पेन्सिल पुस्तकावर ठेवली, मग खाली, मग पुन्हा वर. दर वेळी एक वाक्य. हाताने खुणावून आम्हाला उठवलं, बसवलं. थोड्या वेळाने खुणेशिवाय नुसत्या शब्दावर सगळे उठू लागलो. मग त्यांनी एकेकाला बोलायला सांगितलं आणि वर्ग चिडीचूप. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी खाली मान घालून बसले. समजत सगळ्यांना होतं, तोंडातून निघत नव्हतं.

आबा, आपल्या शाळेतली पोरं अशीच गप्प बसतात आणि आपण त्यांना ‘ढ’ म्हणतो. राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आली, पण तिची सुरुवात आपण अजून एबीसीडी गिरवण्यापासून आणि स्पेलिंगच्या पाठांतरापासून करतो. पोराच्या कानावर इंग्रजी पडते ती शाळेच्या तासाला, एरवी गावात कुठे? तेवढा वेळसुद्धा आपण फळ्यावरून उतरवून घेण्यात घालवतो. हे मला मुळीच पटत नाही. आधी ऐकणं, मग बोलणं, लिहिणं त्यानंतर.

दुसरं काम होतं, गावात इंग्रजी कुठे दिसते ते लिहा. मी युरियाची गोणी लिहिली आणि फवारणीच्या औषधाची बाटली. बाटलीवरच्या चौकोनाचा रंग बघून ठेवा: हिरव्याबरोबर ‘कॉशन’, निळ्याबरोबर ‘डेंजर’, पिवळ्या आणि लाल रंगाबरोबर ‘पॉयझन’. घरोघरी पंप पाठीवर घेणाऱ्या गावात हे शब्द पाचवीच्या पोराला यायलाच हवेत. धड्यातल्या ‘डॅफोडिल’पेक्षा आधी. बाटली मात्र शाळेत आणायची नाही, चित्र काढून शिकवणार आहे.

तार्नाका
२० मे

ती. आबा,

रविवारी शेजारचं उस्मानिया विद्यापीठ पाहिलं. आर्ट्स कॉलेजची दगडी इमारत डोळ्यांत मावत नाही. १९१८ साली हे निघालं ते उर्दू माध्यमाचं. डॉक्टरकी, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून, आणि त्यासाठी पुस्तकांची भाषांतरं करायला वेगळं खातं. तरी इंग्रजी हा विषय सगळ्यांना सक्तीचा होता. म्हणजे ज्ञान आपल्या भाषेतून आणि इंग्रजी एक भाषा म्हणून नीट, हे या देशात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. आपल्याकडे सकाळी पिवळ्या बस पोरं भरून बारामतीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे निघतात, त्यांच्या आईबापांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात. जूनच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवा. पहिलीच्या पालकांना माझ्या वतीने सांगा, की दिवाळीपर्यंत पोराच्या वहीत इंग्रजी अक्षर दिसलं नाही तरी तक्रार करू नका. घरी आल्यावर त्याने आज काय ऐकलं, एवढं रोज विचारा.