उपसा कधी थांबवायचा

कोथरूडच्या उतारावर दोन मजली तळघराची खोदाई चालली होती. मातीपरीक्षणाची बोअरं मे महिन्यात घेतलेली, त्यामुळे अहवालात पाणी आढळल्याची नोंद नव्हती. आम्ही तळाशी पोचलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. मुरूम संपून काळा खडक लागला, ब्रेकरने एक सांधा उघडला आणि मनगटाएवढी धार लागली. सकाळी पोकलेनची चेन पाण्याखाली होती.

पुण्याखालचा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर. अखंड खडकातून पाणी जवळजवळ फिरतच नाही. ते फिरतं भेगांतून आणि दोन थरांमधल्या कुजलेल्या, सच्छिद्र पट्ट्यातून. म्हणून कोपऱ्यांवरची बोअरं कोरडी निघतात आणि मधेच झरा लागतो.

“साहेब, सिमेंट ठोकून बुजवू का?” मुकादमाने विचारलं. मी नको म्हटलं. इथे तोंड दाबलं की मागे दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून, कदाचित शेजारच्या भिंतीखालून, वाट काढतं. आम्ही कडेने चर मारले, कोपऱ्यात खड्डा घेऊन भोकं पाडलेलं पिंप खडीत बसवलं, त्यात पंप सोडला. वीज गेली तर म्हणून डिझेल इंजिनही उभं केलं.

पाणी किती येतंय, हे सगळे विचारत. मी ते कसं येतंय हे बघत होतो. रोज सकाळी पाइपच्या तोंडाशी काचेची बाटली भरायची आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवायची. पाणी नितळ राहिलं तर ते खडकातलं, खर्च फक्त उपशाचा. तळाशी गाळ बसला तर कुणाच्या तरी पायाखालची माती वाहून येतेय. पूर्वेला जुनी भरावाची माती होती; तिथल्या बाटलीत बोटभर गाळ बसला. त्याच दिवशी ती बाजू थांबवली, उताराला जिओटेक्स्टाइल लावून खडीच्या गोण्या रचल्या. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. शेजारच्या बंगल्याच्या जुन्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. तडा हलला तर काच फुटणार.

त्या बंगल्यातल्या काकूंनी विचारलं, “आमच्या विहिरीचं पाणी तुम्ही नेताय का?” “हो काकू, उपसा चालू आहे तोवर पातळी खाली जाणार,” मी सांगितलं आणि नितळ पाण्याची एक लाइन त्यांच्या टाकीला जोडून दिली. बांधकामवाल्याने एवढं खरं बोलायलाच हवं.

खरा वाद झाला राफ्ट, म्हणजे तळघराचा काँक्रीटचा तळ, ओतल्यावर. विजेचं बिल बघून मालक म्हणाले, आता पंप बंद करा. मी कागदावर हिशेब मांडला. राफ्टच्या तळापासून तीन मीटर पाणी चढलं तर दर चौरस मीटरला तीन टनांचा वरच्या दिशेने दाब येतो; साठ सेंटिमीटर काँक्रीटचं वजन भरतं दीड टन. रिकामी बादली पाण्यात दाबल्यावर वर येते, तसं तळघर उचललं जातं किंवा राफ्ट फुटतो. वरच्या स्लॅबचं वजन बसेपर्यंत उपसा थांबणार नाही, असं डिझायनरकडून लेखी घेतलं. शिवाय राफ्टमधून दाब सोडणारे पाइप उघडे ठेवले. एका रात्री वीज गेली, इंजिनही बंद पडलं. पाणी पाइपांतून वर येऊन राफ्टवर पसरलं. मालक घाबरले, माझा जीव मात्र तेव्हाच भांड्यात पडला, कारण दाबाला वाट मिळाली होती.

ठरलेला स्लॅब झाल्यावर पाइप एकेक करून न आकसणाऱ्या ग्राउटने बंद केले. काकूंच्या विहिरीचं पाणी पुन्हा चढलं. तळघरातला पंपाचा खड्डा, म्हणजे संप, आम्ही कायमचा ठेवला. पावसाळ्यानंतर त्यात जमणारं पाणी सोसायटी फ्लशला आणि बागेला वापरते.