चित्राविना रंग

आटपाडीच्या कचेरीत दप्तर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि औंध संस्थानच्या अमदानीतल्या मोडी रुमालांपासून अलीकडच्या फेरफाराच्या नोंदींपर्यंत जे असंख्य आकडे माझ्या नजरेखालून गेले, त्यांतला एकही मला रंगाविना भेटला नाही. शाई काळी आहे हे मला दिसतच असे, परंतु चार निळा, सात विटकरी, नऊ गर्द हिरवा ही जाणीव त्या काळ्या शाईच्या जोडीने, कोणी न बोलावता, मनात उपस्थित होई. एखाद्या गट क्रमांकातले दोन अंक उलटसुलट पडले असले, तर रंगांचा क्रम बिघडल्याने तो क्रमांक मला आधी खटके आणि कारण मागाहून सापडे.

इतके रंग बाळगणाऱ्या मनात चित्रेही तितकीच ठळक असतील, असे कोणालाही वाटेल. माझ्या मनात एकही चित्र नाही. आईच्या दहाव्याला माणगंगेच्या काठी बसलो असताना धाकट्या भावाने विचारले, "दादा, डोळं झाकलं की आई दिसती का रं तुला?" त्याला ती चुलीपुढे बसून बाजरीची भाकरी थापताना दिसत होती. तिच्या कपाळावरचे गोंदण, भुवईवरचा व्रण, हे सारे मला पाठ होते; मिटल्या डोळ्यांपुढे मात्र काळोखाखेरीज काही नव्हते, आणि इतरांना खरोखरीच काही दिसते हे त्या दिवशी मला प्रथम उमगले. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी किती प्रेमाने वाचली आहे! तिच्यातला माळ मला कळतो, भिडतो, दिसत नाही.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८८० साली सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणून पाहा, असे लोकांना विचारले, तेव्हा कित्येक विद्वानांनी असे काही दिसतच नाही म्हणून कळविले. त्याच सुमारास रंगीत अंक पाहणाऱ्यांच्या हकिकतीही त्याने जमविल्या. प्रतिमाहीनतेला 'अफँटेझिया' हे नाव अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दिले. अंकाला रंग चिकटावा तसा एका संवेदनेला दुसरी चिकटणे म्हणजे संवेदनसंकर; तो असणाऱ्यांची मनश्चित्रे सामान्यतः अधिक स्पष्ट असतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. तथापि २०२१ सालच्या एका संशोधनात प्रतिमाहीन माणसांतही अक्षरांचे रंग जाणणारे निघाले, आणि त्यांचे रंग बहुधा कागदावर पसरलेले नसून केवळ जाणिवेत असतात असे दिसले. ते वाचून मला जो दिलासा मिळाला, त्याचे मोल मी सांगू शकत नाही.

भरतमुनींनी करुण रसाला कपोतवर्ण आणि रौद्राला रक्तवर्ण नेमून दिला, तो शास्त्राचा संकेत होय. माझ्या चारला निळा कोणी नेमला नाही, आणि माझ्या मते तो अंकाच्या ज्ञानालाच चिकटलेला आहे, चित्राला नव्हे. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानात ठाणांच्या राशीतून नेमका तो निळा मी बोट ठेवून दाखवीन. तो मनात कोठे आहे, केवढा आहे, असे भाऊ विचारतो, तेव्हा त्याला जागाही नाही आणि आकारही नाही, एवढेच मला सांगता येते.