वाढ्यावरची म्हैस

मायबहिणींनो, आपल्या कोल्हापूरकडे ऊसतोड लागली की रस्त्यावर एक चित्र हमखास दिसतं. कुणाच्या सायकलीवर, कुणाच्या मोटारसायकलीवर, कुणाच्या डोक्यावर वाढ्याचा हिरवागार भारा. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या बायका पेंड्या बांधतात आणि शेकड्याच्या भावानं विकतात. शिमग्यापर्यंत गोठ्याची काळजी मिटली, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते.

2023 च्या जानेवारीत आमची पंढरपुरी म्हैस दुसऱ्यांदा व्याली. नाव पंढरपूरचं असलं तरी ही जात आपल्या जिल्ह्यात जुनीच. तलवारीसारखी लांब शिंगं, अंगानं हलकी आणि पान्हा सोडायला शहाणी. तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आणि थोरलीची कॉलेजची फी, दोन्हींचा भार तिच्याच दुधावर होता. दोन्ही वेळचं मिळून सात लिटर दूध संस्थेत जात होतं.

त्याच सुमाराला आमच्या रानात तोड आली. आत्याबाई म्हणाल्या, "रानात एवढं हिरवं पडलंय, आन् पेंडंला पैसा कशाला घालायचा?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर पैसे वाचतात म्हणून जरा लवकरच पटलं. सरकी पेंड बंद झाली, भुईमुगाचा वेल माळ्यावरच राहिला. म्हशीपुढं सकाळ-संध्याकाळ वाढ्याचा ढीग. तीही मिटक्या मारत खायची. पोट कसं टम्म!

तीन आठवड्यांत दूध सातावरून साडेचारावर आलं. आत्याबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मी संस्थेच्या मापावर संशय घेतला आणि घरच्या लिटरनं मोजून पाहिलं, तर माप बरोबर होतं. चिठ्ठीवरची फॅट मी रोज बघत होते. ती सातच्या आसपासच होती, म्हणून माझा जीव खाली पडला होता. शेजारचा एसएनएफचा आकडा मात्र मी कधी वाचलाच नव्हता. तो 9 च्या खाली उतरला होता, आणि म्हशीच्या दुधाचा भाव 6 फॅट आणि 9 एसएनएफ धरून ठरतो. दहा दिवसांचं बिल हातात आलं तेव्हा दूध कमी आणि वर भावही कमी, अशी दुहेरी कात्री लागलेली.

गुरांच्या डॉक्टरांनी गोठ्यात आल्या आल्या म्हशीच्या बरगड्यांवर हात ठेवला. "वहिनी, हिचं पोट भरलंय, पण ही उपाशी आहे," ते म्हणाले. मला रागच आला. मग त्यांनी गव्हाणीच्या कडेला बसून समजावलं. वाढ्यात पाणी आणि चोथा पुष्कळ, पण प्रथिनं फार कमी, सुक्या वजनाच्या शेकडा पाच-सहाच. तेवढ्यावर म्हैस जगते, दूध देऊ शकत नाही. मग ती अंगावरची चरबी वितळवून दुधात घालते. म्हणून फॅट टिकली आणि बरगड्या दिसायला लागल्या. दुसरं, वाढ्यात ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतो आणि शेणावाटे बाहेर नेतो. दुधातून कॅल्शियम जातंच आहे, त्यात ही गळती. नुकती व्यालेली म्हैस अशानं एखाद्या दिवशी बसते ती उठत नाही. आमची बसली नाही, हे नशीबच म्हणायचं.

आमच्या रानात दरवर्षी खतासाठी धनगराची मेंढरं बसतात. त्या म्हाताऱ्या धनगराला हे सांगितलं तर तो हसला. "कोकरंवाल्या मेंढ्या मी आदी शेंगांच्या येलावर घालतो, मग उसाच्या रानात. आईच्या कासंत न्हाई ते कोकराच्या पोटात कुठनं येणार?" मेंढीचं दूध म्हशीच्या दुधासारखंच दाट, ते काही पाण्यानं बनत नाही. धनगराला हे ठाऊक, आणि चिठ्ठी वाचता येणाऱ्या मला नाही!

वाढं आम्ही बंद केलं नाही, परवडणारच नाही. आता कुट्टी करून निम्मं वाढं, बाकी भुईमुगाचा वेल आणि सोयाबीनचं भुसकट, जोडीला थोडा लसूणघास घालतो. चुना रात्री पाण्यात भिजवून त्याची वरची निवळी कुट्टीवर शिंपडतो, म्हणजे ऑक्झलेटला धरायला तिथंच कॅल्शियम मिळतं. दिवसाला 50 ग्रॅम खनिज मिश्रण. पेंड अंगापुरती एक-दीड किलो, आणि वर दर दोन लिटर दुधामागं एक किलो. हा बदल एकदम करायचा नाही, आठवडाभरात हळूहळू करायचा. नाहीतर पोट बिघडतं.

दूध महिन्याभरानं सहावर आलं. सात काही पुन्हा त्या वेतात झालं नाही. म्हैस माजावर यायलाही तीन महिने उशीर झाला, म्हणजे पुढचं वेतही तेवढंच लांबलं. वाचवलेल्या पेंडेचा हिशेब मी वहीत लिहिला होता, त्याच्याखाली हेही लिहून ठेवलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं, तर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून वेलाचा भारा त्यांनीच खाली काढला.