येलदरीचे पाणी आणि सबुरीचा गळ

जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण बहुतेकांनी दरवाजे उघडल्यावरच पाहिलेले असते. दहा दरवाजांतून कोसळणारे पाणी, फोटो, भुईमुगाच्या शेंगा आणि घरी परत! पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजगृह. पण धरणाची खरी ओळख पटते ती हिवाळ्यात, फजरनंतरच्या धुक्यात, होड्या परतताना.

गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन मी काठावर गेलो. एक वयस्क भोईकाका जाळ्यातून मासे सोडवत होते. कटला, रोहू, मृगळ हे कार्प जातीचे मासे. ते साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून धरणात त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी या जातीच्या माशांची कृत्रिम पैदास यशस्वी केली आणि धरणांना बीज मिळू लागले.

मरळ मात्र गळाची शिकार. नाला जिथे जलाशयाला मिळतो, त्या तोंडाशी होडी उभी करायची, गळाला बेडकी लावायची आणि ती पाण्यावर हलवत राहायची. हलते भक्ष्य दिसले की मरळ झडप घालते. “सबुरी नसेल त्यानं गळ धरू नये,” काका म्हणाले.

हीच युक्ती दूर उत्तर पॅसिफिकमध्येही चालते. तिथे हॅलिबट नावाचा अजस्र चपटा मासा असतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला, आपल्या कोकणातल्या लेपाचा भाऊबंद. खाडीच्या तोंडाशी छोट्या बोटीतून वजनदार चकचकीत गळ तळापर्यंत सोडतात आणि खालीवर हलवतात. पण बेसुमार मासेमारीने तो मासा घटू लागला, तेव्हा १९२३ साली अमेरिका आणि कॅनडाने करार करून हिवाळ्यात, अंडी घालण्याच्या काळात, मासेमारी बंद ठेवली.

आपल्याकडे ही गोष्ट मरळीला तंतोतंत लागू पडते. पावसाळ्यात तिच्या पिलांचा लालसर पुंजका पाण्यावर तरंगतो आणि आई-बाप खाली पहारा देतात. पिलांजवळ गळ हलवला की ते चवताळून येतात. एक मासा हाती लागतो आणि शेकडो पिले उघड्यावर पडतात. बारीक जाळ्याचेही तेच. बोटाएवढी पिले निघाली, तर उद्या जाळ्यात काय येणार?

मासा आपल्यासाठी हलाल आहे, त्याला जबह करावे लागत नाही. पण हलाल म्हणजे हवे तसे ओरबाडण्याची परवानगी नव्हे. रिझ्क ही अमानतही असते. तिचा हिशेब केवळ मच्छीमाराने द्यायचा नाही. बाजारात पिशवी घेऊन उभे राहणारे आपणही त्यात आहोत. गिऱ्हाईक अंड्यांचा मासा मुद्दाम मागते, बोटभर पिले स्वस्त म्हणून उचलते, तेव्हा बारीक जाळे पाण्यात पडते.

म्हणून घरातल्या बायका-पुरुषांनी एवढेच ठरवावे: पावसाळ्यात अंड्यांची मरळ नको, पिले तर कधीच नकोत. त्याऐवजी मोठा कटला चार घरांनी वाटून घ्यावा. चवही राहील आणि बरकतही.